ओटीचे तास महिन्याअखेर कमी का लागत होते: डेटाबेसमधल्या बेरजेचं एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीतलं एक मशीन शॉप. सीएनसी, व्हीएमसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी बरीच मशीनं, ऑपरेटर, सेटर, हेल्पर धरून पंचेचाळीसच्या आसपास माणसं, गाड्यांच्या पार्ट्सचं जॉब वर्क. मार्च आला की डिस्पॅचची घाई असते आणि मग सगळेच ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, करतात. पगाराचं सॉफ्टवेअर पीएचपी या भाषेत आणि मायएसक्यूएल या डेटाबेसवर कुणीतरी आधी बनवून दिलेलं होतं आणि ते रोज व्यवस्थित चालत होतं, म्हणजे निदान चालतंय असं सगळ्यांना वाटत होतं. अकाउंटच्या मॅडमनी मला बोलावलं ते एका तक्रारीमुळे. एक ऑपरेटर स्लिप घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, माझे चार तास कमी लागलेत."

हा माणूस खिशात छोटी डायरी ठेवायचा, रोज किती वाजता सुटलो आणि ओटी किती झाला ते लिहायचा. डायरीप्रमाणे मार्चचा ओटी २५ तास २० मिनिटं, स्लिपवर २१ तास २० मिनिटं. मिनिटं तंतोतंत जुळतायत आणि तास बरोब्बर चार कमी, त्यामुळे सुपरवायझरपासून मॅडमपर्यंत सगळ्यांनी एकच अंदाज केला की एखाद्या रविवारची चार तासांची एंट्री राहिली असणार. मग रजिस्टर उघडलं, एकेक तारीख टिक करत गेले, तर एकही एंट्री राहिलेली नाही. सॉफ्टवेअरमधल्या रोजच्या नोंदी आणि डायरीतल्या नोंदी ओळीला ओळ जुळतात आणि बेरीज मात्र वेगळी येते! इथेच बऱ्याच ठिकाणी प्रकरण थांबतं बरं का, "कॉम्प्युटरने बेरीज केलीय, ती कशी चुकेल" म्हणून कामगाराला परत पाठवतात. मॅडमनी तसं केलं नाही, कॅल्क्युलेटरवर स्वतः बेरीज मारून पाहिली आणि डायरी बरोबर निघाली. त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आणखी चार-पाच जणांचे तास हाताने काढले आणि स्लिपशी ताडून पाहिले. फरक आले ते असे: ४ तास, ३ तास २० मिनिटं, २ तास ४० मिनिटं, ४ तास ४० मिनिटं. मिनिटांत मांडले तर २४०, २००, १६०, २८०. सगळ्यांना ४० ने भाग जातो. आणि सगळे फरक कामगाराच्या विरुद्ध, जास्त लागले असं एकही नाही. असा नमुना दिसला की एंट्री करणाऱ्यावर संशय घ्यायचं कारणच उरत नाही, कारण माणसाच्या चुका कधी इकडे होतात कधी तिकडे, इतक्या शिस्तीत ४०-४० च्या होत नाहीत.

टेबल उघडून पाहिलं तर ओटीचा कॉलम टाइम टाइपचा, म्हणजे वेळ ठेवायच्या प्रकारचा. आणि रिपोर्टमध्ये त्या कॉलमवर सरळ सम, म्हणजे बेरजेचं फंक्शन, लावलेला.

आता मायएसक्यूएल काय करतं ते बघा. टाइम कॉलमवर सम लावला तर ते एरर देत नाही, नाही म्हणत नाही, ते त्या वेळेचा मुकाट्याने आकडा करतं. ०१:४५:०० म्हणजे १४५००, ०२:३०:०० म्हणजे २३०००, तासमिनिटसेकंद सगळे एकाला एक चिकटवून बनलेला साधा आकडा. आणि मग हे आकडे दशमान पद्धतीने मिळवतं. एका आठवड्याची बेरीज इथे करून दाखवतो, म्हणजे नीट कळेल. सोमवार १:४५, मंगळवार २:३०, बुधवार ०:५०, गुरुवार ३:२०, शुक्रवार १:४५, शनिवार २:१५. मिनिटं करून मिळवली तर १०५, १५०, ५०, २००, १०५, १३५, बेरीज ७४५ मिनिटं, म्हणजे १२ तास २५ मिनिटं. मायएसक्यूएलच्या पद्धतीने १४५००, २३०००, ५०००, ३२०००, १४५००, २१५००, बेरीज ११०५००. आता पीएचपीतल्या कोडने शेवटचे दोन अंक सेकंद म्हणून कापले, त्याआधीचे दोन मिनिटं म्हणून, उरले ते तास. ११ तास ०५ मिनिटं. एक तास वीस मिनिटं गायब, आणि उत्तर दिसायला एकदम धडधाकट, बघणाऱ्याला कुठे शंका येईल असं त्यात काहीच नाही.

कारण उघड आहे, ६० मिनिटं झाली की तासाला हातचा जायला हवा, इथे तो १०० झाल्यावर जातो. म्हणजे मिनिटांच्या रकान्याची बेरीज दर वेळी शंभरी ओलांडते तेव्हा ४० मिनिटं बुडतात. त्या डायरीवाल्याच्या मार्चमध्ये तासांच्या रकान्याची बेरीज १५ आणि मिनिटांच्या रकान्याची ६२०, खरे तास २५:२०, सॉफ्टवेअरचे १५०० अधिक ६२० म्हणजे २१२०, म्हणून २१:२०. शंभरी सहा वेळा ओलांडली, सहा गुणिले चाळीस, २४० मिनिटं. चार तास इतके चोख कमी झाले ते केवळ योगायोगाने आणि त्या योगायोगानेच सगळे राहिलेली एंट्री शोधत बसले.

मग प्रश्न असा की हे सुरुवातीलाच कुणाला कसं दिसलं नाही. कोड वाचल्यावर त्याचं उत्तर मिळालं. त्यात एक ओळ होती, मिनिटं ५९ च्या वर आली तर त्यातून ६० वजा कर आणि तास एकने वाढव. म्हणजे बनवणाऱ्याला टेस्ट करताना कधीतरी २:७५ असलं काहीतरी दिसलं होतं आणि त्याने ते तेवढ्यापुरतं दुरुस्त केलं. १:४५ आणि १:३० मिळवा, २७५०० येतं, २:७५ दिसतं, त्या ओळीने ते ३:१५ होतं आणि हे उत्तर बरोबर आहे! दोन-तीन नोंदी टाकून बघितल्या तर मिनिटांची बेरीज बहुतेक वेळा शंभरच्या आत राहते आणि सॉफ्टवेअर बरोबर उत्तर देतं. महिनाभराच्या नोंदी झाल्या की चुकतं. ही ओळ नसती तर पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी स्लिपवर २१:८५ छापून आलं असतं आणि कुणीतरी ओरडलं असतं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे, की लक्षण बुजवलं आणि रोग तसाच राहिला.

पैशात बोलायचं तर त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला ९ तासांच्या वर किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दराने पैसे द्यायचे. साधा दर तासाला ८० रुपये धरला तर ओटीचा १६०, आणि चार तास म्हणजे ६४० रुपये, एका माणसाचे, एका महिन्याचे. ज्याचं घर ओटीच्या भरवशावर चालतं त्याला ६४० रुपये म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

बेरजेची दुरुस्ती तशी सगळ्यांना माहीत असलेली आहे, नेटवर शोधलं की पहिल्यांदा तीच मिळते. आधी टाइम टू सेक फंक्शनने प्रत्येक वेळेचे सेकंद करा, सेकंदांची बेरीज करा, आणि मग सेक टू टाइमने परत तास मिनिटं करा. मी तात्पुरतं तेच लावलं, प्रत्येकाचे तास लगेच डायरीशी जुळले, पण शेठना दर महिन्याला पूर्ण शॉपचा एकूण ओटी लागतो, जॉबचं कॉस्टिंग काढायला, आणि मार्चचा तो एकूण आकडा आला ८३८:५९:५९.

हा आकडा ज्याने एकदा पाहिलाय तो जन्मात विसरत नाही. मायएसक्यूएलच्या टाइम टाइपची कमाल मर्यादा तीच आहे, ८३८ तास ५९ मिनिटं ५९ सेकंद, उणे बाजूलाही तेवढीच. सेक टू टाइमला त्याहून जास्त सेकंद दिले तर तो तिथेच कापून टाकतो आणि एक वॉर्निंग देतो, जी रिपोर्ट बघणाऱ्यापर्यंत कधीच पोचत नाही. ८३८ च का, तर जुन्या मायएसक्यूएलमध्ये ही वेळ ३ बाइटमध्ये तोच चिकटवलेला तासमिनिटसेकंदाचा आकडा म्हणून ठेवायचे, आणि चिन्हासकट ३ बाइटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा ८३८८६०७, त्याच्या आत बसणारी शेवटची धड वेळ ८३८:५९:५९. पुढे आतली साठवण बदलली तरी मर्यादा तशीच ठेवली. पंचेचाळीस माणसं प्रत्येकी वीस-बावीस तास ओटी करतात तिथे नऊशेच्या वर तास सहज होतात, मग हा टाइप तिथे कसा पुरणार.

म्हणून मी ठरवलं की टाइम टाइपला ठिगळ लावत बसायचं नाही, तो काढायचाच. टाइम हा टाइप घड्याळात किती वाजले ते सांगायला ठीक आहे. किती वेळ काम केलं ही वेगळी गोष्ट आहे, ती एक राशी आहे, किलो, मीटर, लिटरसारखी, आणि ती साध्या पूर्णांकात ठेवावी. नवा कॉलम केला, ओटी_मिनिटं, इंटीजर. एकक कॉलमच्या नावातच, म्हणजे पुढे येणाऱ्या कुणालाही हे तास की मिनिटं की सेकंद हे विचारावं लागू नये. बेरीज साधा सम. दाखवताना ६० ने भागायचं, भागाकार तास, बाकी मिनिटं, मिनिटांपुढे गरज असेल तर शून्य, आणि हे फक्त स्क्रीनवर आणि स्लिपवर, डेटाबेसमध्ये तास:मिनिटं असं काही ठेवायचंच नाही.

शेठनी विचारलं की सरळ तासच ठेवा ना दशांशात, दीड तास म्हणजे १.५०, हिशोबाला सोपं. हे करू नका. २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा, दोन दशांश स्थळांत ०.३३. २६ दिवस रोज २० मिनिटं म्हणजे ५२० मिनिटं, ८ तास ४० मिनिटं. ०.३३ ला २६ ने गुणा, ८.५८, म्हणजे ८ तास ३५ मिनिटंसुद्धा पूर्ण नाहीत. पाच मिनिटं गेली, पुन्हा कामगाराचीच. दशांश तास पगार काढताना शेवटच्या पायरीवर एकदाच करा, एकूण मिनिटं भागिले ६० गुणिले दर, बस.

दशांशावरून आठवलं, कारण याच प्रकरणातला सगळ्यात किचकट भाग त्या टिंबाने घडवला होता. कॉलम बदलायचा म्हणून जुन्या नोंदी तपासायला घेतल्या, तर काही ओटी १ सेकंदाचे, काही ३ सेकंदांचे, काही २ मिनिटं ३० सेकंदांचे! सुपरवायझर मोबाईलवरून एंट्री करायचे आणि फॉर्मला कसलंही बंधन नव्हतं. कुणी १:३० टाकायचं, कुणी १.३०, कुणी घाईत नुसतं १३०. मायएसक्यूएल या तिन्हींचा अर्थ वेगवेगळा लावतं. कोलन असेल तर पहिला भाग तास, म्हणजे १:३० बरोबर दीड तास होतं. कोलन नसेल तर ते उजवीकडून सेकंद धरत येतं, १३० म्हणजे १ मिनिट ३० सेकंद. आणि १.३० म्हणजे एक सेकंद आणि वर थोडा अपूर्णांक, कॉलममध्ये अपूर्णांकाला जागा नाही म्हणून तो राउंड होऊन नुसता १ सेकंद. माणूस दीड तास थांबला आणि टेबलमध्ये एक सेकंद लागला.

यातल्या बऱ्याच नोंदी परत काढता आल्या. ओटीत कुणी सेकंद लिहीत नाही, त्यामुळे सेकंदांच्या जागी शून्य सोडून काहीही असेल ती नोंद संशयित, आणि या शॉपमध्ये पंधरा मिनिटांच्या आतला ओटी धरतच नाहीत, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या आतली प्रत्येक नोंदही संशयित. ००:०२:३० दिसलं की ते २३० टाकलेलं होतं, म्हणजे अडीच तास. पण टिंबवाल्यांचं तसं नाही. २.३० टाकलं तर २ सेकंद होतात आणि २.५ टाकलं तर राउंड होऊन ३ सेकंद, आणि कुणी सरळ ३.०० टाकलं तरी ३ सेकंदच. म्हणजे ३ सेकंदांची नोंद अडीच तासांची की तीन तासांची हे त्या नोंदीवरून कळायला काही मार्गच नाही, माहिती कॉलमच्या दारातच गेली. त्यासाठी सिक्युरिटीच्या केबिनमधलं गेटवरचं रजिस्टर आणून तारखेवार बघावं लागलं, आणि जिथे रजिस्टरचं पानही वाचता येत नव्हतं तिथे शेठनी सांगितलं की मोठा आकडा धरा. तो निर्णय मला पटला.

नवीन फॉर्ममध्ये तास आणि मिनिटं असे दोन वेगळे रकाने केले, मिनिटांत ५९ च्या वर जाताच येत नाही. डेटाबेसवरही चेक, म्हणजे मर्यादेबाहेरचा आकडा नाकारणारा नियम, लावायचा होता, ओटी_मिनिटं शून्य ते ९६० च्या मध्ये, पण सर्व्हर मायएसक्यूएल ५.७ चा होता. मायएसक्यूएलच्या ८.०.१६ आधीच्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंट लिहून घेतात आणि पाळत मात्र नाहीत, तेव्हा आधी सर्व्हर बदलून घेतला, तसाही ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलेला होता.

थर्ड शिफ्टचं थोडक्यात सांगतो. आत-बाहेरच्या वेळाही नुसत्या टाइममध्ये होत्या, तारखेशिवाय, त्यामुळे रात्री १० ला आलेला आणि सकाळी साडेसहाला गेलेला माणूस उणे तास दाखवायचा आणि कोड त्यात २४ मिळवायचा. चालून जायचं, पण तो अंदाजच. आता दोन्ही बाजूंना तारीख आणि वेळ एकत्र, टाइमस्टँपडिफ फंक्शनने मिनिटं. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळ मागेपुढे करत नाहीत म्हणून एवढ्यावर भागतं, तुमचं सॉफ्टवेअर अमेरिका किंवा युरोपातली माणसं वापरणार असतील तर दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत, ठेवा.

राउंडिंगवर मात्र बराच वाद झाला. शॉपचा नियम पाव तासाचा, १ तास ५३ मिनिटं थांबलं तर १:४५ धरायचं. काही सुपरवायझर मनात राउंड करूनच एंट्री करायचे, काही मिनिटं तशीच टाकायचे, त्यामुळे खरी कोणती आणि राउंड केलेली कोणती हे कळत नव्हतं. मी म्हटलं, खरी मिनिटं हजेरीच्या पंच मशीनवरून येऊ द्या आणि ती तशीच ठेवा, पाव तासाचा नियम वेगळ्या कॉलममध्ये लावा, ओटी_मान्य_मिनिटं. उद्या नियम बदलला, किंवा कुणी विचारलं की राउंडिंगमध्ये माझी किती मिनिटं जातात, तर उत्तर देता यायला पाहिजे. हे मान्य झालं, आणि पहिल्यांदाच स्लिपवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जायला लागले.

एक्सेलचा घोळ याला जोडूनच होता. मॅडम रिपोर्ट एक्सेलमध्ये घेऊन पगारपत्रक करायच्या. एक्सेलला एक दिवस म्हणजे १, आणि तास म्हणजे त्याचा चोविसावा भाग. सेलचा फॉरमॅट साधा तास:मिनिटं असेल तर ३६ तास २५ मिनिटांची बेरीज १२:२५ दिसते, २४ तास उडतात, आत आकडा बरोबर असतो पण दिसत नाही, त्यासाठी फॉरमॅटमध्ये तासाचा एच चौकोनी कंसात घालावा लागतो. आणि १२:२५ ला १६० ने सरळ गुणलं तर ८२ रुपये ७८ पैसे येतात, कारण तो अर्ध्या दिवसाला गुणतोय, २४ ने गुणलं की १९८६ रुपये ६७ पैसे येतात. मॅडमना हे दुसरं माहीत होतं, त्या नेहमी २४ ने गुणायच्या. आता एक्सेलला मिनिटांचा साधा आकडाच जातो, त्यामुळे दोन्ही भानगडी मिटल्या.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरत असाल तर तिथे इंटरव्हल नावाचा खरा अवधीचा टाइप आहे, त्यावर सम नीट चालतो, ८३८ ची अडचण नाही. फक्त जस्टिफाय अवर्स, जस्टिफाय डेज या फंक्शनांच्या फंदात पगारासाठी पडू नका, ते २४ तासांचा दिवस आणि ३० दिवसांचा महिना करून टाकतं आणि ओटीत "१ दिवस १ तास" हे कुणालाच नको असतं. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचा टाइम तर २४ तासांच्या आतलाच आहे आणि त्यावर सम लावला तर तो सरळ एरर देतो. मला ते मायएसक्यूएलपेक्षा जास्त आवडतं. जो नाही म्हणतो त्याच्यामुळे निदान कुणाचे पैसे बुडत नाहीत.

राहिला मागचा फरक. त्या चुकीच्या टाकलेल्या नोंदी सोडल्या तर मूळ नोंदी टेबलमध्ये शाबूत होत्या, चुकत होती ती बेरीज, त्यामुळे सॉफ्टवेअर बसवल्यापासूनचा प्रत्येकाचा फरक काढता आला. यादी छापून टाइम ऑफिसच्या बाहेर लावली, नाव, महिना, स्लिपवरचे तास, खरे तास, फरक, आणि ज्याला पटत नाही त्याने आपली डायरी घेऊन यावं असं खाली लिहिलं. काही जण आले, बहुतेक तक्रारी त्या टिंबवाल्या नोंदींच्याच निघाल्या. नोकरी सोडून गेलेल्यांची यादी वेगळी केली आणि ज्यांचं बँक खातं रेकॉर्डवर होतं त्यांना पैसे थेट खात्यात पाठवले.

तुमच्याकडे मायएसक्यूएलच्या टाइम कॉलमवर सम लावलेलं काही चालू असेल, मग ते ओटी असो, ड्रायव्हरचे तास असोत, क्लासमधली लेक्चरं असोत, तर एक क्वेरी आजच मारा. प्रत्येक नोंदीची फक्त मिनिटं घ्या, माणूस आणि महिना धरून त्यांची बेरीज करा, १०० ने भागून खालचा पूर्णांक घ्या आणि ४० ने गुणा. जो आकडा येईल तेवढी मिनिटं त्या माणसाच्या त्या महिन्यात कमी धरली गेली आहेत.